आत्याने खोडलेली तारीख

माझी आत्या झाडांची मापं घ्यायची. वनखात्यात तीस वर्षं हेच काम. डोंगरउतारावरच्या कठीण लाकडाच्या दोनशे झाडांना छातीच्या उंचीवर पांढरा पट्टा रंगवलेला होता. पाऊस थांबला की पंधराव्या दिवशी ती त्या पट्ट्यावर टेप लावायची, एक दिवस इकडेतिकडे नाही. ऑफिसात तिला अचूकबाई म्हणत. तोंडावर म्हटलं की ती खूश व्हायची, एवढं सांगितलं म्हणजे स्वभाव कळला असेल.

तिच्या निवृत्तीच्या वर्षी नवा साहेब आला. रजिस्टर उघडून म्हणाला, "बाई, चार वर्षं ही झाडं जेमतेम वाढलीत. यंदा तर चक्क बारीक झालीत. मरायला टेकलीत. तोडू आणि भराभर वाढणारी लावू."

मी तिचा विसरलेला चष्मा द्यायला तिथे गेले होते. एरवी साहेबालाही न सोडणारी आत्या मूग गिळून बसली.

घरी येताना मी तिला फैलावर घेतलं. "अगं, बोलली का नाहीस?"

"चार वर्षं उन्हाने कहर केला. अशा वेळी झाड वाढत बसत नाही, नुसतं तग धरतं. तेवढं मी त्याला पटवलं असतं. पण यंदाचा आकडा..." ती थांबली. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना माझं. अडीच महिने उशिरा गेले मी. तोवर कोरडे वारे सुटले होते, साल वाळून आकसली होती. झाड नाही गं बारीक झालं."

"मग हेच सांगायचं ना."

"रजिस्टरात मी नेहमीसारखी पंधराव्या दिवसाचीच तारीख टाकलीय."

मला हसू आलं आणि संतापही. म्हटलं, "तुझा तोरा मोठा की दोनशे झाडं?" तिचा चेहरा एवढासा झाला. वाईट वाटलं मला, पण शब्द मागे घेतला नाही.

सकाळी मला सोबत घेऊन ती साहेबापुढे उभी राहिली. रजिस्टर ओढून तारीख खोडली, खरी लिहिली, शेजारी सही ठोकली. "खोटी तारीख माझी. कारवाई माझ्यावर करा. पण आधी उतारावर चला."

तिथे तिने हाताच्या गिरमिटाने पाच खोडांतून पेन्सिलीएवढ्या काड्या काढल्या आणि साहेबाच्या हातात दिल्या. त्याने वर्षांच्या रेघा मोजल्या. उन्हाच्या चार वर्षांच्या अगदी बारीक, पण चारही होत्या. यंदा पाऊस बरा झालेला, तर यंदाची चांगली रुंद. साहेब बराच वेळ काड्या उलटसुलट करत राहिला, मग म्हणाला, "तोड रद्द."

आत्याच्या सेवापुस्तकात मात्र लाल शाईचा शेरा बसला, निवृत्तीला दोन महिने उरले असताना. तीस वर्षांतला पहिला. घरी येऊन ती रडली आणि मग पोटभर जेवली.

पुढच्या मापाला तिची जागा घेतलेली मुलगी टेप लावत होती. आत्या कुणी न बोलावताच गेली होती. मुलगी आनंदाने म्हणाली, "बाई, वाढलंय की हे."

आत्याने आकड्याकडे पाहिलंही नाही. "तारीख काय लिहिलीस ते आधी दाखव," म्हणाली.