खिळा नसलेली भिंत

त्या मावशींचं नाव माझ्या दोन्ही फॉर्मवर आहे, पण इथं लिहीत नाही. घरांच्या सरकारी पाहणीसाठी मी जळोचीत दारोदार फिरत होतो. एक फॉर्म दिल्लीचा, दुसरा इथल्या कचेरीचा.

मावशींचं सासर पूर्वी मेंढरांमागं फिरणारं. आता त्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला जातात. घर विटांचं, वर स्लॅब, तरी भिंतीला एकही खिळा नव्हता. कपडे, पिशव्या, देवाची तसबीर, सगळं दारापासून खिडकीपर्यंत बांधलेल्या एका दोरीवर. मी विचारलं, तर म्हणाल्या, "दोरी सोडली की निघता येतं."

माझं पेन हललं की त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

दिल्लीच्या फॉर्मला फक्त भिंती आणि छप्पर कशाचं ते हवं होतं. मी 'पक्कं घर' लिहिलं. इथल्या फॉर्मला जागा कुणाची ते हवं होतं. जागा सरकारी गायरानाची. मी 'अतिक्रमण' लिहिलं.

"म्हंजी ह्या कागदावर घर पक्कं, म्हणून नवं मिळायचं न्हाय. आन त्या कागदामुळं हे बी ऱ्हायचं न्हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दादा, ही दोन हापिसं एकमेकांशी कधी बोलत्यात का?"

"पाहण्या वेगवेगळ्या आहेत, मावशी," मी म्हणालो. मलाच ते पटलं नाही.

दारात त्यांनी विचारलं, "मग खिळा ठोकू का न्हाय?"

मी वाकून चपलेचा पट्टा लावत राहिलो. माझ्या चपलेला पट्टा नव्हता.