कंदिलाच्या हॉटेलातली पंगत

सरूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेसमोरच्या टपरीवर इडली खात होतो. फोन तात्यांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा. तात्या एरवी फोनवर बोलतात ते शिवारापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं. त्या दिवशी मात्र इतकं हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं. "दिल्या, तुझी मावशी गेली रं..." एवढंच. मग पलीकडून शेळी ओरडल्याचा आवाज आला, कुणीतरी बादली ठेवली, आणि फोन तसाच चालू राहिला. तो बंद करणं तात्यांना कधीच जमलं नाही. मी तो कानाला लावून उभा राहिलो आणि, खोटं कशाला सांगू, समोरची इडली संपवली. मन सुन्न झालं की हात आपलं काम करत राहतात, असं मी नंतर बायकोला समजावून सांगितलं. तिनं माझ्या पोटाकडं एकदा बघितलं. मावशी असती तर माझ्या बाजूनं बोलली असती. खाणाऱ्या माणसाला तिनं आयुष्यात कधी नावं ठेवली नाहीत.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. दिंद्रुडच्या पुढं जे मावशीचं गाव आहे, तिथं लोक तिला चेअरमनबाई म्हणून आठवतात. बायकांची दूध संस्था तिनं उभी केली, दुष्काळात ती बुडू दिली नाही, असं दहाव्याच्या दिवशी पुढारी माणसांनी सांगितलं, आणि ते खरंच आहे. मला मात्र डोळे मिटले की ती बीडच्या हॉटेलांतून दिसते. लाल कागदी कंदिलाखाली, डोक्यावरचा पदर सावरत, समोरच्या ताटलीकडं एखाद्या नव्या सुनेकडं बघावं तशी बघणारी... मायेनं, पण पूर्ण विश्वास न टाकता.

सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, तेव्हाची ही गोष्ट. ऊस नाही म्हणून सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं नाही, आणि कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म काढलेले तात्या घरी बसले. गावातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कधीच घाटाखाली उतरून गेली होती. मावशीची मात्र धावपळ वाढली. संस्थेच्या बायकांची जनावरं जगवायची तर चारा पाहिजे, चारा पाहिजे तर बीडला बैठकीला गेलं पाहिजे. दर पंधरवड्याला ती पहाटेची एसटी धरायची. ओसरीवर बसलेले तात्या म्हणायचे, "निघाल्या का चेअरमनबाई? आमच्या भाकरीचा ठराव मंजूर करून जा म्हणावं." आणि ती म्हणायची, "झाकून ठेवलीय. सूचक मी, अनुमोदक सूनबाई." सूनबाई म्हणजे मनीषा, तिच्या मुलाची बायको. ती दारामागं तोंडाला पदर लावून हसायची.

मी बीडला मास्तर. बैठक संपली की मावशी माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची, कापडात बांधलेली भाकरी माझ्या हातात द्यायची आणि परतीच्या गाडीपर्यंत तिथंच लिंबाखाली बसायची. एका शनिवारी मात्र मी तिला म्हटलं, चल, कुठंतरी बसून खाऊ. यात मावशीची काळजी किती आणि नव्यानं निघालेल्या चायनीज हॉटेलाची ओढ किती, याचा हिशेब मी आजवर टाळत आलोय. बाहेर एप्रिल महिन्याचं असं ऊन होतं की रस्ता पाण्यासारखा हलत होता. काचेचं दार ढकललं आणि आत एकदम दुसराच ऋतू लागला. अंधूक, गार, कुठूनतरी बासरीसारखं काही वाजत असलेलं. छताला लाल कंदील. कोपऱ्यात काचेच्या पेटीत मासे. मावशी त्या पेटीपुढं बराच वेळ उभी राहिली. मासे फिरत होते, बुडबुडे वर येत होते, तिच्या चेहऱ्यावर पाण्याची हिरवी सावली हलत होती. मग स्वतःशीच म्हणाली, "ह्यांच्याकडं टँकर येतच आसंल."

नूडल्स आल्या. तिनं ताटली स्वतःकडं ओढली, वास घेतला. "दिल्या, शेवया लई काळ्या केल्यात रं. दूध-गूळ सांग की."

"मावशी, हे तसं खात नाहीत."

"कावून? पाव्हण्याला शेवया दिल्या की दूध-गूळ द्यावाच लागतो."

वेटर नेपाळचा होता. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो कपभर गरम दूध घेऊन आला. मावशीनं एका बाजूला चार नूडल्स घेऊन त्यांवर दूध घातलं, चाखलं, आणि मग अतिशय न्यायबुद्धीनं सांगितलं, "तसंच बरं हाय. दुधाचा अपमान झाला." मग त्या पोराला विचारलं, "तू जेवलास का?" त्यानं मान हलवली, ती हो होती की नाही कळलं नाही. मावशी हातानं जेवत होती, हळू, एकेक घास. मध्येच थांबून तिनं आजूबाजूला बघितलं आणि नवल वाटल्यासारखी म्हणाली, "इथं बसलं की कुणी उठवत न्हाई, नव्हं?"

त्यानंतर आमचा तो नेमच झाला. कंदिलाचं हॉटेल हे मुख्य देऊळ, बाकीची आडवळणाची देवस्थानं. माडीवर एक पिझ्झावाला होता. तिथं तिचं म्हणणं पडलं की ही भाकरीच आहे, फक्त कालवण सांडू नये म्हणून वर थापलंय. बर्गर बघून म्हणाली की एवढं तोंड मी दातांच्या डॉक्टरपुढंसुद्धा उघडलं नव्हतं. मोमो तिला मनापासून आवडले. "नागपंचमीचे उकडलेले दिंडच हायेत, लाजून गोळा झाल्यात." सूप जेवणाआधी का देतात हे कोडं तिला शेवटपर्यंत सुटलं नाही. मी त्या वर्षभरात सहा किलो वाढलो आणि बायकोला सांगितलं की दुष्काळाची सूज आहे. आता आठवताना त्या दुपारी एकमेकींत मिसळून जातात. कुठली पिझ्झ्याची, कुठली मोमोची, वेगळं काढता येत नाही. एकच लांब, गार दुपार राहते. काचेबाहेर पांढरं ऊन, धुळीतून जाणारे टँकर, त्यांचा आवाज आत पोचत नाही... आणि मावशी खुर्चीत मागं टेकून बसलेली. तिला पाठ टेकून बसलेली मी त्याआधी कुठंच पाहिली नव्हती.

अशाच एका दुपारी ती बोलली. शेजारच्या टेबलावर एक नवराबायको समोरासमोर बसून जेवत होते, फारसं बोलतही नव्हते. मावशी त्यांच्याकडं बघत राहिली. "दिल्या, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. आमी एकदाबी असं बसलो न्हाई. ते जेवतात तवा मी उभी, मी जेवते तवा ते घोरतात. लग्नात घास भरवला, तेवढाच." मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि सुदैवानं त्यात मोमो होता. ती पुढं म्हणाली, "साऱ्या मुलखाला वाढतात रं ते. मलाच तेवढं वाढायचं राहिलंय."

हे समजायला तात्या माहीत पाहिजेत. आमच्या भागात लग्नाची पंगत असो की नारायणगडावरचा महाप्रसाद, वाढायला तात्या. उपरणं कमरेला बांधून, भाताची पाटी खांद्यावर घेऊन ते ओळीतून चालायला लागले की पन्नास माणसांत एकाचं पान रिकामं राहायचं नाही. पंगतीत भेद करणं हे त्यांच्या लेखी सर्वांत मोठं पाप. ओळखीचा-बिनओळखीचा, पुढारी-सालगडी, सगळ्यांना सारखं, आणि सगळ्यांना आग्रह. पण घरच्या बायका बसायच्या शेवटच्या पंगतीला, आणि तोवर तात्या दमून आडवे झालेले असायचे. त्यात कुणाचा दोष आहे असं कुणाला वाटलंही नाही. मावशीनं त्यांना हॉटेलाचं दोन-तीनदा सुचवून बघितलं. ते म्हणाले, "जिथं कुणी आग्रह करत न्हाई, तिथं काय जेवायचं?"

पुढच्या उन्हाळ्यात मावशीला धाप लागायला लागली. तपासायला बीडला आणलं, घरीच बसलेले तात्याही बरोबर आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, जपा. जे बाजूला घेऊन सांगतात ते रोग्याला आधीच कळलेलं असतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मावशीनं माझा दंड धरला. "मीठ बंद केलंय ना त्यांनी? उद्यापासून करू. आज ह्यांना कंदिलाच्या हॉटेलात न्यायचं. पुन्हा जमंल न जमंल..." ती तात्यांना म्हणाली, मला भूक लागलीय, गाडीला वेळ आहे. आजारी बाईला नाही म्हणणं तात्यांना जमलं नाही.

दाराशी त्यांनी चपला काढल्या. पंगतीला चपला घालून बसत नाहीत. सोफ्यावर मांडी घातली. मावशी समोर बसली, ताठ, आणि तिच्या कपाळावर त्या गारव्यातही घाम होता. नूडल्स आल्या, मंचुरियन आलं. आणि वर्षभर माझ्याबरोबर हॉटेलं पालथी घातलेली ही बाई, नवरा समोर बसल्यावर तिचा हात ताटलीकडं जाईना. तिनं सगळं तात्यांकडं सरकवलं आणि नकळत उठून उभी राहिली. वेटर धावत आला, काय पाहिजे? काही नको होतं. चाळीस वर्षांचे पाय उभे राहिले होते.

तात्यांनीही घास घेतला नाही. ते शेजारच्या टेबलांकडं बघत होते. तिथं कॉलेजच्या चार मुली रिकाम्या ताटल्या घेऊन ताटकळल्या होत्या.

"दिल्या, त्या लेकींना वाढलं न्हाई आजून."

"तात्या, त्यांचं येईल. त्यांचं वेगळं असतं."

"वेगळं कसं? एका छताखाली बसल्यात." आणि तात्या उठले. उपरणं कमरेला बांधलं, नूडल्सचा वाडगा उचलला आणि त्या मुलींच्या ताटल्यांत वाढायला लागले. "घ्या, घ्या. सावकाश होऊ द्या." मुली आधी दचकल्या, मग खुदकन हसल्या, मग एकीनं चक्क ताटली पुढं केली. पलीकडच्या टेबलावर कुणी औषधविक्रेते बसले होते, त्यांनाही मंचुरियन मिळालं. मी मेनूकार्डाआड तोंड लपवलं. गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहिला होता. आणि तात्या टेबलामागून टेबल करत, ओळ न चुकवता परत आमच्याकडं आले. ओळीत पुढची मावशी होती. उभी.

"बसा," तात्या म्हणाले. तिला अहोजाहो केल्याचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. पंगतीत ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. "बसा बाई. उभ्यानं पंगत होत न्हाई."

मावशी बसली. त्यांनी वाढलं. ती नको म्हणाली, तरी वाढलं. आणि ती खाली मान घालून जेवली. वाडगा हातात घेऊन तात्या शेजारी उभे होते, आणि एकदा का होईना त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं असावं. कारण वाडगा कलला आणि चार नूडल्स माझ्या शर्टावर पडल्या. मी अर्थातच त्या उचलून खाल्ल्या.

वाढपी शेवटी बसतो, म्हणून तात्या मग जेवायला बसले. मावशीचं पोट भरलं होतं. पण तिनं ताटलीत पुन्हा थोडं घेतलं आणि एकेक शेवई उचलत, समोर बसून, ते जेवेपर्यंत पुरवलं. एकदा तात्या म्हणाले, "मीठ बरं हाय." ती म्हणाली, "हाय." कंदील वाऱ्यानं हळूहळू फिरत होते. मला वाटत होतं, एसटी चुकावी. पण एसटी वेळेवर आली. आपल्याला नको असते तेव्हाच ती वेळेवर येते.

त्यानंतर मावशी बीडला आली नाही. सात-आठ महिन्यांनी तो फोन आला.

परवा मी गावाकडं गेलो. दुपारची वेळ होती. स्वयंपाकघरात मनीषानं तीन ताटं मांडली, तेव्हा मला वाटलं तिसरं तिच्या नवऱ्याचं असेल. तात्या आले आणि तिला म्हणाले, "बस गं." ती बसली, जराशी तिरकी, पण बसली. मी बघतोय हे पाहून तिनं हळूच आपल्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूचं, सांगितलं. त्या दिवशी बीडच्या दवाखान्यातून परत आल्यापासून आत्याबाई रोज दुपारी आधी बसायच्या, आणि तात्या वाढायचे. गावात हसायचे लोक. आत्याबाईंना शेवटी शेवटी दोन घासांवर जायचं नाही, तरी तात्या आग्रह करायचे. कुणाला सांगू नको म्हणाल्या होत्या, पण तुमचं वेगळं...

आम्ही तिघं जेवायला लागलो. बाहेर संस्थेच्या दुधाचे कॅन गाडीत चढवल्याचा आवाज येत होता. माझी भाकरी संपली, आणि सवयीनं मनीषा उठायला लागली. तात्यांनी हातानंच तिला थांबवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि भिंतीशी गेले. तिथं डब्यांची रांग होती, ताटं होती, चार झाकलेली भांडी होती. त्यांनी मधलं झाकण उचललं. भाकरी कुठं ठेवतात, हे त्यांना ठाऊक होतं.