डब्यावरची बारीक अक्षरं

शिवणकामाच्या कारखान्यात तिला सगळे ‘धाकटी’ म्हणायचे. वयाने लहान, अंगाने किरकोळ. पण हात असा चालायचा की काज-बटणांचा ढीग बघता बघता फस्त. लेक सहा महिन्यांची झाली तशी ती पुन्हा कामावर आली. घरी सासूबाई होत्या. नातीला त्या मांडीवरून खाली ठेवत नसत. तिला दूध म्हणून पाजायला दुकानातून पावडरीचा डबा त्यांनीच हौसेने आणला. डब्यावर वाफाळता कप आणि खदखदून हसणारं गुटगुटीत बाळ.

“आपलीही अशीच होणार बघ,” त्या म्हणाल्या.

पण लेक काही अंग धरेना. दंड काटकीसारखे, गाल बसलेले. रडण्याचाही कंटाळा आल्यासारखी पडून राहायची. शेवटी धाकटीने कामावर खाडा केला आणि सासूबाईंना घेऊन दवाखाना गाठला.

नर्सबाईंनी बाळाचा दंड मोजला आणि विचारलं, “हिला काय देता?”

“दूध देतो की! चांगलं, डब्यातलं,” म्हणत सासूबाईंनी पिशवीतला डबा तोऱ्यात पुढे केला.

नर्सबाईंनी तो फिरवून वाचला. “आजी, ही चहात घालायची पावडर आहे. दूध यात नावालाच. ‘बाळांना देऊ नये’ असं लिहिलंय इथे.”

“अहो, पण बाळाचं चित्र आहे ना वर!”

“चित्र मोठं काढलंय,” नर्सबाई हळूच म्हणाल्या, “आणि हे बारीक लिहिलंय.”

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. “माझ्याच हाताने पोरीला उपाशी ठेवलं गं मी.”

धाकटी शेजारी टेकली. “आई, तो डबा रोज माझ्याही हातात असायचा. मला तरी कुठे वाचता येतंय?”

दुसऱ्या दिवसापासून घराची घडीच बदलली. डाळ, अंडं, केळं, सगळं मऊ कुस्करून, वर थोडं तेल घालून, थोडं थोडं पण सारखं भरवायचं, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सासूबाई बाळाला घेऊन कारखान्याच्या दाराशी यायच्या आणि धाकटी तिला अंगावर पाजायची. मधे एक ताप येऊन गेला, कमावलेलं अंग पुन्हा उतरलं. दोघी पुन्हा लागल्या कामाला. मग एके सकाळी पोरीने आजीच्या ताटलीतलं अंडंच पळवलं.

“अगं चोरटे!” म्हणत आजीने तिला कवटाळलं.

दवाखान्यामागच्या खोलीत संध्याकाळी बायकांचा वाचन-वर्ग भरायचा. धाकटीने त्यात नाव घातलं. “मी आपली सोबतीला,” म्हणून सासूबाईही निघाल्या आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. शिकवणाऱ्या बाईंशी त्यांचं लगेच वाजलं. “न आणि ण, दोन-दोन कशाला हवेत? एकात भागत नाही?”

धाकटीला तर वाचायचं वेडच लागलं. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, साबणाचे कागद, दिसेल ते मोठ्याने वाचायची.

लेक रांगू लागली तशी तीही वर्गाला येऊ लागली. एकदा सगळ्या फळ्याकडे बघत असताना बाईंची चप्पल ओढत ती दाराबाहेर सटकली. आजी गुडघे धरत उठल्या, तिच्यामागे धावल्या आणि दारातूनच ओरडल्या,

“बाई, तो ‘ळ’ पुसू नका, मी आलेच!”