माझी हनुवटी आणि मामांचा संशय

आष्टी तालुक्यात माझ्या मामांइतका संशयी माणूस दुसरा झाला नसेल. ते गावच्या दूध सोसायटीचे सचिव. दुष्काळात टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन धावायचं, मामा आधी ओंजळभर पाणी चाखायचे आणि ड्रायव्हरला दरडावायचे, "कुठल्या हिरीचं हाय? खरं सांग." सख्ख्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आईनं दूध आणलं तरी दुधातलं पाणी पकडायला लॅक्टोमीटर दोनदा बुडवायचे. ती चिडली की म्हणायचे, "तुझ्यावर न्हाई गं, म्हशीवर डाउट हाय."

मी नऊ वर्षांची असताना शाळेत दातांचं शिबिर झालं. माझे खालचे दात वरच्यांच्या पुढे यायचे. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नसे, आणि हसताना मी तोंडावर हात धरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिचा खालचा जबडा जास्त वाढतोय. वरचा आत्ताच पुढे ओढून घेऊ. मोठेपणी मग ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही." वडील नव्हते, त्यामुळे शब्द मामांचा. त्यांना यात पैसे काढायचा सरळ डाव दिसला. "जबडा काय दुधी भोपळा हाय का वाढायला?" म्हणून त्यांनी शहानिशा सुरू केली. दर महिन्याला माझ्या कानापासून हनुवटीपर्यंत दोरा धरायचा आणि गाठ मारायची. सहा महिन्यांत गाठ पुढे सरकली, तेव्हा दोराच ताणला असेल म्हणून त्यांनी नवा दोरा आणला. तोही सरकला. शेवटी स्वतःचाही जबडा मोजायला लागले. त्यांची गाठ जागच्या जागी राहिली, माझी मात्र पुढे गेली. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोसायटी दुसऱ्याच्या हवाली करून ते मला एसटीनं डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. दोरे टेबलावर ठेवून हळूच म्हणाले, "बाई, लई दिवस मी वाया घालवले. उशीर झाला का?" बाईंनी एकेक गाठ नीट पाहिली. त्या हसल्या नाहीत. "नाही, अजून वेळ आहे," म्हणाल्या. मामांनी पुन्हा काही विचारलं नाही.

मग वर्षभर कपाळाला आणि हनुवटीला टेकणारी, वरचा जबडा पुढे ओढणारी एक पट्टी घरी आल्यावर मला लावावी लागे. मी ती काढते की काय, म्हणून मामा अवेळी येऊन खिडकीतून डोकावायचे. दोनदा मी सापडलेही. पण दात जागेवर आले, आणि वाढ थांबेपर्यंत दर सुट्टीत ते मला बाईंकडे नेत राहिले.

आता मामांचेच सगळे दात गेलेत. कवळीवर त्यांचा विश्वास नाही. जेवताना हनुवटी पार नाकाला भिडते, चेहरा लहान मुलासारखा दिसतो. मी माहेरी गेले की त्यांना भाकरी आमटीत कुस्करून देते. घास हातात धरून ते विचारतात, "तुझे दात बरे हायत ना, पोरी?" नुसतं हो म्हणून भागत नाही. मी तोंड उघडून दाखवते, तेव्हा कुठे ते जेवतात.