भाऊरावांची उलटी पिकअप

गॅरेजातून गाड्या दुरुस्त होऊन निघून जातात, किस्से मात्र तिथंच साचत राहतात. वाडीच्या आमच्या गॅरेजातले निम्मे किस्से एकट्या भाऊरावांच्या पिकअपचे. आठवले की हसू येतं आणि मग बराच वेळ कामात लक्ष लागत नाही.

भाऊराव आमचे उस्ताद. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास त्यांनी कामठीच्या लिलावातून लष्कराची जुनी पिकअप आणली. तिचं स्टेअरिंग डावीकडे होतं. आम्ही हाताला लागतील ते पार्ट लावून ते उजवीकडे घेतलं. चाक बसचं, दांडा ट्रकचा. मूळचा स्टेअरिंग बॉक्स मात्र उलटा केल्याशिवाय बसेना, म्हणून उलटाच बसवला.

पहिल्या चक्करला भाऊरावांनी चाक उजवीकडे फिरवलं. पिकअप डावीकडच्या चहाच्या टपरीत घुसली!

खाली उतरून ते म्हणाले, "गाडी बरोबर हाय. माह्या हातालेच शिकवा लागन."

*

आणि शिकवलंही. महिन्याभरात ते सीताबर्डीच्या गर्दीतून आरामात गाडी काढू लागले. आम्हाला ती फाटकाबाहेरही नेता येत नसे.

"तुम्ही डोक्यानं चालवता गा," ते म्हणायचे, "हातानं चालवा."

*

एकदा भरदुपारी एकजण पिकअप घेऊन पळाला. आम्ही मागे धावलो. भाऊराव चहा पीत बसून होते.

"काहून धावून राहिले गा? पहिल्या वळणाले भेटते तो."

पहिल्याच वळणावर पिकअप कडब्याच्या गंजीत घुसलेली, आणि चोर टपावर चढून लोकांना सांगतोय, "ह्या गाडीत कोणीतरी हाय!"

*

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, कुसुमचं लग्न ठरलं, रामटेकच्या मुलाशी. तिला आपल्याच पिकअपमधून सासरी पोचवायचं, हे भाऊरावांचं जुनं स्वप्न. पण कुसुमची आई, सुमनकाकू, हटून बसल्या, "पोरीले उलट्या गाडीत बसवू देनार नाही मी."

भंगारातून सरळ बसेल असा बॉक्स शोधून आणला. त्याला ट्रकचा दांडा लांब पडला, म्हणून लोहाराकडून नवा घडवून घेतला. गाडी सरळ झाली, भाऊराव उलटे राहिले! आता त्यांनाच फाटकातून निघता येईना.

मी म्हटलं, "मी चालवतो, उस्ताद."

"पोरगी माही हाय," ते म्हणाले आणि मोकळ्या मैदानात सरावाला लागले. लग्नाच्या आदल्या दिवशी ते सामान घेऊन रामटेकला जाऊन आले. मी शेजारीच होतो. हात एकदाही चुकला नाही.

*

लग्न वाडीतल्याच बुद्धविहारासमोरच्या पटांगणात लागलं. निघताना पांढऱ्या साडीतली कुसुम भाऊरावांशेजारी बसली, जावई खिडकीशी, आणि मी मागे हौद्यात. पटांगणातून रस्त्यावर आलं की उजवीकडे रामटेकची वाट, डावीकडे भाऊरावांचं घर.

कुसुम हुंदके देत होती. भाऊरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि चाक फिरवलं.

पिकअप डावीकडे वळली.

गाडी थेट त्यांच्या दारात जाऊन थांबली.

"हात चुकले," समोर बघत भाऊराव म्हणाले.

जावयानं गुपचूप दार उघडलं. कुसुम पदर खोचत खाली उतरली.

"आता आलोच तं चहा ठेवते, बाबा."