मिस्टर डेल सही का करत नव्हते

“फेल,” मिस्टर डेल म्हणाले आणि मीटर ट्रायपॉडवरून काढून हळुवारपणे पेटीत ठेवलं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण आजाऱ्याच्या घरी जाऊन बोलावं तसं ते बोलायचे. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे मला दोह्यात इतकी वर्षं काढूनही जमलेलं नाही.

पूर्वेकडच्या वरच्या ब्लॉकची ही तिसरी टेस्ट होती. बाकी सगळं स्टेडियम पास झालं होतं.

मी स्टेडियमच्या आवाजाची इंजिनिअर. गाणीबिणी नव्हेत. आग लागली, धूर झाला, तर “कृपया जवळच्या दाराने बाहेर पडा” असं सांगणारी जी यंत्रणा असते, तिला व्हॉइस अलार्म म्हणतात. ती बसवून, तपासून मालकाच्या ताब्यात द्यायची, हे माझं काम. वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. मैदानं एकामागून एक उभी राहत होती आणि आमच्या नाकी नऊ आले होते.

घोषणा नुसती मोठ्याने होऊन चालत नाही, ती कळावी लागते. त्यासाठी स्पीकरमधून एक खरखरीत आवाज सोडतात आणि खुर्चीतल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर मीटर ठेवतात. शब्द किती स्पष्ट पोचतील, ते मीटर शून्य ते एकमधल्या आकड्यात सांगतं. आम्हाला अर्धा हवा होता. त्या ब्लॉकमध्ये तो अर्ध्याच्या जरा खालीच अडकायचा. आणि हे सगळं बाहेरच्या तटस्थ साक्षीदारासमोर व्हावं लागतं. त्याची सही नाही, तर सर्टिफिकेट नाही. आमचे साक्षीदार म्हणजे मिस्टर डेल. टेक्सासकडचे, साठीचे, उंच, कपड्यांना कायम इस्त्री.

त्यांचा आवाज मात्र असा की ऐकत राहावं. विलायतेहून यायचं रेकॉर्डिंग वेळेवर आलं नाही, म्हणून इंग्रजी घोषणा तात्पुरती त्यांच्याच आवाजात भरली होती. अरबी घोषणा इलियासच्या आवाजात. रिकाम्या स्टेडियममध्ये ती लागायची तेव्हा हजारो खुर्च्या, एकही माणूस नाही, आणि वरून हा शांत, समजूतदार आवाज सगळ्यांना निघून जायला सांगतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मिस्टर डेल मात्र टेस्ट संपली तरी बसून राहायचे. खुर्च्यांकडे बघत, बारीक हसत.

इलियास आमचा प्रोग्रामर. बेथलेहेमजवळच्या एका गावचा पॅलेस्टिनी. मी त्याला वर्षभर मुसलमान समजत होते. रमजानमध्ये त्याच्यासमोर चोरून चहा प्यायचे, तेव्हा तोच म्हणाला, “सिस्टर, मलाही दे की. मी ख्रिश्चन आहे.”

त्याला सुट्टी हवी होती. गावी ऐंशीच्या घरातली आई आणि डोंगरउतारावर ऑलिव्हची झाडं. ऑक्टोबरात फळं उतरवायची. दोन वर्षं प्रोजेक्टपायी तो गेलाच नव्हता, आईच्याने ते होत नव्हतं. तिकडचा एक जुना कायदा आहे म्हणे, जमीन काही वर्षं पडीक दिसली की सरकार ती आपली म्हणू शकतं. शेजारच्याच टेकडीवर ज्यूंची नवी वस्ती झालेली. “या वर्षी झाडाखाली माणूस दिसला पाहिजे,” तो म्हणायचा. “नाही दिसला, तर पुढच्या वर्षी मी कुठे जाणार?”

आमचा लेबनीज प्रोजेक्ट मॅनेजर एकच पाढा म्हणायचा. “सर्टिफिकेट आण, सुट्टी घे. खलास.”

म्हणजे इलियासची आई, तिची झाडं आणि जमीन असं सगळं मिस्टर डेल यांच्या एका सहीवर टांगलेलं.

मी मिस्टर डेल यांना हिशोब मांडून दाखवला. रिकाम्या खुर्च्यांवरून आवाज आपटून परत येतो, घुमतो. माणसं बसली की त्यांचे कपडे, त्यांची अंगं आवाज पिऊन टाकतात. तेवढी दुरुस्ती आकड्यात धरायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. ती धरली तर ब्लॉक आरामात पास होत होता.

“मी कागदावरची माणसं मानत नाही, सुनीता,” ते म्हणाले. “जे माझ्या मीटरला ऐकू येईल ते खरं.”

बाकीच्या सगळ्या ब्लॉकना त्यांनी हीच कागदावरची माणसं मुकाट्याने मानली होती. मी तसं म्हटलं. त्यांनी हसून विषय बदलला. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली.

त्या शुक्रवारी त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती. ते अल नस्रला राहायचे, मी अल मुंतझाला, जवळच. चर्चला सोडशील का म्हणून त्यांनी विचारलं. इकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून रविवारची प्रार्थनाही शुक्रवारीच होते. शहराच्या कडेला एका आवारात सगळी चर्च, बाहेर क्रूस लावायची परवानगी नाही. लांबून बघाल तर सरकारी गोदाम वाटेल.

त्या दिवशी हवेत धूळ होती. सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता. गाडीत त्यांनी मला फोनवर एक फोटो दाखवला. एका टेकडीवर घसरगुंडी, झोपाळे, मागे नवी कोरी घरं.

“आमच्या चर्चने बांधून दिलं,” ते म्हणाले. “परत आलेल्या ज्यूंच्या मुलांसाठी.”

“तुम्ही ख्रिश्चन. मग ज्यूंसाठी का?”

त्यांना हा प्रश्न आवडला. लहानपणी त्यांच्या आजीच्या स्वयंपाकघरात एक डबा असायचा, ज्यूंना त्यांच्या देशात परतता यावं म्हणून त्यात पैसे टाकायचे. ख्रिश्चनांनी शतकानुशतकं ज्यूंना छळलं, ते पाप फेडायला नको का, असं आजी म्हणायची. शिवाय देवाने अब्राहमला शब्द दिलेला, त्याच्या वंशाचं जो भलं करेल त्याचं भलं होईल. इथपर्यंत मला पटत होतं. आपल्याकडेही पूर्वजांची पापं फेडणारे लोक असतात.

“आणि ज्यू परतल्याशिवाय पुढचं होणार नाही,” ते म्हणाले.

“पुढचं काय?”

त्यांनी सांगितलं. आधी ज्यू आपल्या भूमीत गोळा होतील. ते झालंय. मग एका क्षणात खरे विश्वासू लोक वर उचलले जातील, बसल्या जागेवरून. नुसत्या खुर्च्या राहतील. मग त्या भूमीत असं युद्ध की तसं कधी झालं नाही. आणि शेवटी ख्रिस्त परत येईल. कारखाना बंद करायचं वेळापत्रक सांगतात ना, आधी हा पंप बंद, मग तो व्हॉल्व्ह, अगदी तशा आवाजात.

“मग ज्यूंचं काय होणार?”

“बरेचसे मरतील,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “उरलेले ख्रिस्ताला ओळखतील.”

ज्यांच्या पोरांना हा माणूस झोपाळे बांधून देतो, त्यांच्यासाठी रडतो, त्यांना तिकडे कशासाठी नेऊन बसवतोय? आणि हे त्याला दिसत नाही असं नाही. दिसतंय, आणि तो वाट बघतोय.

“सगळे असं मानत नाहीत,” माझा चेहरा बघून ते म्हणाले. “आमच्यातही पुष्कळांना हे चुकीचं वाटतं.”

“आणि इलियासचं काय?” मी विचारलं. “त्याची आई तिथेच राहते.”

त्यांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, “म्हणून तर.”

“म्हणून तर काय?”

“खुणा सगळ्या जुळल्यात, सुनीता. या शरद ऋतूत होईल. तो चांगला मुलगा आहे. मी त्याला तिथे पाठवू? ती जमीन तशीही त्याची राहणार नाही, ती देवाने ज्यूंना दिलेली आहे. निदान तो तरी वाचेल.”

गाडी चर्चच्या आवाराशी आली. गार्डने त्यांची बॅग तपासली. त्यांनी वळून मला हात केला आणि त्या गोदामासारख्या दारातून आत गेले. मी एसी चालू ठेवून तिथेच बसून राहिले. मला त्या माणसाची भीती वाटली, आणि त्याचा राग येत नव्हता याची जास्त भीती वाटली.

तक्रार कुणाकडे करायची? मॅनेजरला काय सांगू, साक्षीदार जगबुडीची वाट बघतोय? कागदोपत्री ते बरोबर होते. कोपऱ्यातली, छताखालची, सगळ्यात वाईट खुर्ची मीटरसाठी निवडायचा त्यांना हक्क होता.

इलियासला मात्र सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो नुसता मान हलवत राहिला.

“आमच्या गावात असले लोक बसने येतात,” तो म्हणाला. “माझ्या आईच्या झाडांसमोर उभे राहून प्रार्थना करतात. आम्ही पहिल्यापासूनचे ख्रिश्चन, सिस्टर. एकानेही कधी आम्हाला विचारलं नाही, तुम्ही कसे आहात. त्यांच्या नकाशात आमचं गाव आहे, आम्ही नाही.”

“सही मिळवू,” मी म्हटलं. “कागदावरची माणसं नको आहेत ना त्यांना? खरी बसवू.”

मॅनेजर आधी भडकला. पण मालकाला ताबा द्यायची तारीख त्याच्याही मानेवर बसली होती. “यल्ला, चल, एक दुपार देतो,” तो म्हणाला. जेवण, पाणी आणि ओव्हरटाइम कबूल करून त्याने बिरकत अल अवामेरच्या मजुरांच्या कॅम्पवरून बस मागवल्या. हजारेक माणसं आली. बिहार, तेलंगण, नेपाळ, बांगलादेश. स्टेडियम बांधलेलं त्यांनीच, पण खुर्चीत बसायची बहुतेकांची पहिलीच वेळ. फोटो काढून झाले, हसून खिदळून झालं.

मग मी मेगाफोनवरून हिंदीत सांगितलं. “आवाज सुरू झाला की कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, उठायचं नाही. काहीही ऐकू आलं तरी.”

फोरमन रफीक खालच्या पायरीवरून ओरडला, “मॅडम, वो आवाज तो बोलेगा बाहर जाओ. आप बोलते हो बैठो. सुनें किसकी?”

“माझी,” मी म्हटलं. सगळे हसले, मग गप्प झाले.

मिस्टर डेल यांनी मीटर त्यांच्या त्याच कोपऱ्यात लावलं. खरखर सुरू झाली. मीटरचा आकडा चढला, अर्ध्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला. इलियास माझ्या शेजारी उभा होता. तो अरबीत काहीतरी पुटपुटत होता.

नियमाप्रमाणे शेवटी घोषणाही वाजवावी लागते. मिस्टर डेल यांचा आवाज वरून आला. शांत, स्पष्ट, प्रत्येक शब्द कळत होता. धोका आहे. घाबरू नका. जवळच्या दाराने ताबडतोब बाहेर पडा. मागून तेच इलियासच्या आवाजात. पुन्हा इंग्रजी. पुन्हा अरबी.

एक माणूस हलला नाही. निळ्या कपड्यातली हजार माणसं, हात मांडीवर, डोळे समोर. वाराही पडला होता. मीच सांगितलेलं होतं, तरी उठा रे, असं ओरडावंसं वाटत होतं.

मिस्टर डेल यांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं. चेहरा पांढरा पडला होता.

“त्या दिवशी असंच होईल,” ते हळूच म्हणाले. “ऐकू येईल सगळ्यांना. आणि बसून राहतील.”

मी त्यांना मीटर दाखवलं. “मिस्टर डेल, आकडा बघा.”

त्यांनी आकडा बघितला. पुन्हा बघितला. मग खिशातून पेन काढलं. “मी खोटं लिहिणार नाही,” ते म्हणाले. “पण इलियासला काही झालं, तर आपण दोघांनी पाठवलं, हे लक्षात ठेव.”

सही झाली. त्यांनी इलियासचे दोन्ही हात धरले आणि तिथल्या तिथे डोळे मिटून प्रार्थना केली. इलियासने मान खाली घातली आणि शेवटी आमेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो अम्मानच्या विमानात बसला, तिथून पुढे रस्त्याने गाव.

पुढचे तीन आठवडे माझे वाईट गेले. मी देवभोळी नाही, पण सकाळी उठले की आधी बातम्या. तिकडे कुठे खुट्ट झालं तरी तीच बातमी पुन्हा पुन्हा लावायचे. माझी मुलगी वैतागली, “आई, व्हाय आर यू वॉचिंग धिस अगेन?” काय सांगणार? डेलसाहेबांचं वेळापत्रक माझ्या डोक्यात घुसलं होतं. शिवाय ते शेवटचं वाक्य मी विसरू शकत नव्हते.

काही झालं नाही. इलियास परत आला. उन्हाने रापलेला, हातभर ओरखडे. सगळी झाडं उतरवून झाली होती. आई ठणठणीत होती, त्याला वाळलास म्हणून शिव्या घालत होती. पुढच्या वर्षीही जाणार, त्याने मॅनेजरला आल्या आल्या सांगून टाकलं.

मिस्टर डेल धावतच आले. त्यांनी त्याला मिठी मारली, पाठीवर थोपटत राहिले. आनंद खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण इलियासच्या खांद्यावरून मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर आणखीही काहीतरी होतं. घरात मोठं कार्य ठरावं, मांडव पडावा आणि पाहुणे येऊच नयेत, तसं.

इलियास गेल्यावर मी स्पष्टच विचारलं. “मिस्टर डेल, काही झालं नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय?”

ते खोटं बोलत नसत.

“थोडंसं,” ते म्हणाले.

आता कुठल्याही टेस्टला नवा साक्षीदार आला की मी त्याला दोन प्रश्न विचारते. मीटर शेवटचं कधी तपासून घेतलंत? आणि ही यंत्रणा कधीच वापरावी लागू नये, असं तुम्हाला मनापासून वाटतं का? दुसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. मी हसत नाही. उत्तर येईपर्यंत टेस्ट सुरू करत नाही.