दोन गल्ल्या आणि एक चर

आमच्या पंचवटीत गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. आम्ही गंगेवर जातो. आई रोज संध्याकाळी गंगेवर जायची. वाटेत शेजारच्या गल्लीत वळून मावशीला हाक मारायची आणि दोघी घाटावरच्या एका ठरलेल्या पायरीवर जाऊन बसायच्या. मावशी नात्यातली नव्हे. लग्न होऊन या पेठेत आल्यावर आईला मिळालेली पहिली मैत्रीण, म्हणून आमची मावशी. या दोघी रोज काय एवढं बोलत असतील, याचं मला लहानपणी भारी कुतूहल. एकदा मुद्दाम मागच्या पायरीवर जाऊन बसलो. एवढ्या वेळात मावशी म्हणाली, "पाणी चढलंय गं," आणि आई म्हणाली, "हो ना." बाकी सगळा वेळ दोघी नुसत्या खांद्याला खांदा लावून बसून होत्या. माझा अगदी हिरमोड झाला होता.

मग आमच्या गल्लीत खोदकाम आलं. आधी गटारासाठी खणलं. ते बुजवून होतंय न होतंय तोच गॅसच्या पाइपवाले आले. ते गेले आणि कुठंतरी पाणी मुरायला लागलं, म्हणून पुन्हा खणलं. गळती गल्लीच्या या टोकाला आणि खड्डा त्या टोकाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आता तर सिंहस्थ तोंडावर आलाय म्हणून सगळं शहरच उकरून ठेवलंय. साधूंच्या पायाला खडा टोचू नये म्हणून आधी आमचे पाय मोडून घ्यायचे, असा काहीतरी नियम असावा.

ठेकेदाराच्या माणसांची बुजवायची रीत एकच. निघालेली माती, फुटक्या फरश्या, गुटख्याच्या पुड्या, सगळं परत चरात लोटायचं, वर पेव्हर ब्लॉक मांडायचे आणि पसार व्हायचं. चार दिवसांत मधला भाग खचतो आणि कडा वर राहतात. अशाच एका खड्ड्यात कुणीतरी खूण म्हणून एरंडाची फांदी रोवली आणि तिला लाल फडकं बांधलं. पंचवटीत यात्रेकरूंची काय कमी! दुसऱ्या दिवशी एक बाई त्या फांदीला हळदकुंकू वाहून, वर फूल ठेवून गेली. मग तिचं बघून आणखी दोघी. झालं, फांदी उपटायची कुणाची छाती होईना. पुढं डांबर टाकायला माणसं आली, तर त्यांनीही खड्ड्याला हात जोडले आणि सभोवती डांबर टाकून तो तसाच ठेवला. आई हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

ती पडली मात्र देवाच्या खड्ड्यात नव्हे, त्याच्या पुढच्या साध्या खड्ड्यात. संध्याकाळी गंगेवर निघाली होती. वर आलेल्या ब्लॉकच्या कडेला चप्पल अडकली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पायात पूर्वीसारखा जोर आला नाही. चाकांची खुर्ची आली. खुर्ची दारातून बाहेर काढली की पहिल्याच ठिगळावर पुढचं चाक रुतायचं, आणि आई वेदनेनं ओठ दाबायची. उचलून नेतो म्हटलं तर अंगावर यायची. "मेल्यावर उचला. तोवर मला चाकावर न्या."

मावशीला इकडं आणावं, तर तिची नजर अधू. सपाट जमिनीवरसुद्धा ती भिंत चाचपत चालते. आमच्या गल्लीत तिला आणणं म्हणजे दुसरं हाड मोडून घेणं. मी फोन लावून देऊ लागलो. आई फोन कानाला लावायची. "बरी आहेस ना?" "आहे. तू?" "मी पण." मग दोघी गप्प. बराच वेळ फोन तसाच कानाला. एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं, बोल ना काहीतरी!" ती म्हणाली, "आम्ही बोलायचो कुठं रे? आम्ही बसायचो."

त्यानंतर मला ती पायरी आणि तिच्यावरच्या त्या दोन पाठी फार आठवू लागल्या. त्या दोन पाठी पुन्हा एकमेकींशेजारी दिसाव्यात, याखेरीज मला त्या दिवसांत दुसरं काही नको होतं.

आमच्या चौकाच्या पोटात रहाड आहे. रहाड म्हणजे जुन्या काळी जमिनीत बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो रस्त्याखाली झाकलेला असतो. वरून रिक्षा जातात, भाजीचे टेम्पो जातात, वराती नाचतात. रंगपंचमीला तो उघडायचा, पूजा करायची, रंग भरायचा, पेठेनं त्यात धपाधप उड्या मारायच्या आणि मग पुन्हा बुजवायचा. हे बुजवणं आम्ही पेठेतलेच करतो. मीही मिसरूड फुटल्यापासून त्यात आहे. वर जाड लाकडं आडवी टाकायची, त्यावर मुरमाचा थर, थरावर पाणी, मग धुम्मस, म्हणजे दांड्याला लावलेला जड लोखंडी ठोकळा, घेऊन तो ठोकायचा. मग वर दुसरा थर. हात भरून येतात, पण वर्षभर तिथं बोटभर जागा खचत नाही. खचली तर टेम्पो हौदात जाईल, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या वर्षी रहाड बुजवून झाली आणि मुरूम उरला. आम्ही घामाघूम होऊन चहा पीत होतो. माझा एक मित्र आमच्या गल्लीकडं बघून म्हणाला, "चल, तुझी गल्ली पण बुजवून टाकू. तुझ्या आईसाठी नाय हां, माझ्या गाडीचं शॉकअप गेलंय लय दिवसांचं."

आम्ही ब्लॉक काढले, आतली घाण उपसली आणि थरावर थर ठोकत गेलो. एरंडाची फांदी एका भटजीबुवांनी मंत्र म्हणून काढून दिली. त्यांच्या स्कूटरचंही शॉकअप गेलं असावं. आई खिडकीत बसून सगळ्यांना सूचना देत होती आणि कुणी ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं ठेवणीतलं लुगडं नेसायला घेतलं. मावशीला फोन करून सांगतो म्हटलं तर नको म्हणाली. गंगेवर जाताना ती कुठं फोन करायची? हाकच मारायची. खुर्ची आमच्या गल्लीतून सरळ, डुगडुगही न करता निघाली. आईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती ज्या त्या दाराकडं बघून मान हलवत होती.

मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी मला थांबावं लागलं. सकाळीच तिथं जेसीबी शिरला होता. गल्लीच्या तोंडाशी आडवा चर, दोन्ही कडांना चिखलाचे ढीग, ये-जा करायला टाकलेली एक अरुंद फळी आणि साचलेलं पाणी उपसणारा धडधडता पंप. पलीकडं, गल्लीतल्या पहिल्याच, तिच्या घराच्या ओट्यावर मावशी बसली होती.

"अगं ए!" आईनं हाक मारली.

मावशीनं कपाळावर हात आडवा धरला. "कोण आहे?"

"मी गं." पंपाच्या धडधडीत तिचा आवाज बुडाला.

"कोण? घरात कुणी नाही बाबा. सून बाजारात गेलीय."

आईनं माझ्याकडं मान वळवली. मला म्हणाली, "थोडं पुढं घे ना रे."

मी घेतली. पुढची चाकं चराच्या काठच्या ओल्या मातीला टेकली.

"अजून थोडं," आई म्हणाली.